बर्फ पडण्याआधीचं काम

अमेरिकेतल्या आयोवा राज्यावरून विमान जात असताना खाली पाहिलं, तर गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद अंथरल्यासारखी जमीन दिसते. १७८५ साली अमेरिकेत जमीन मोजणीचा जो कायदा झाला, त्याने ओढे-टेकड्या न बघता एक मैल लांब आणि एक मैल रुंद असे चौरस आखले. एकेक चौरस ६४० एकरांचा. पुढे याच चौरसांच्या शिवेवरून रस्ते पडत गेले. त्यामुळे ग्रामीण आयोवात बहुतेक ठिकाणी दर मैलाला एक रस्ता उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम जातो. आपल्यासारखं एकवटलेलं गावठाण तिथे नाही. प्रत्येक शेतकरी आपल्या रानातच घर बांधून राहतो आणि त्याच्या फाटकापर्यंत जाणारा रस्ता सार्वजनिक असतो. तो उघडा ठेवणं सरकारचं काम.

हे सरकार म्हणजे काउंटी. आयोवात अशा ९९ काउंट्या आहेत. कारभाराच्या दृष्टीने काउंटी आपल्या जिल्हा परिषदेसारखी, पण आकाराने एखाद्या तालुक्याएवढी, सरासरी दीड हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. ग्रामीण काउंटीची लोकसंख्या बहुधा दहा-वीस हजार. राज्यातले सुमारे ९०,००० मैलांचे रस्ते काउंट्यांच्या ताब्यात आहेत. भागाकार केला तर एका काउंटीच्या वाट्याला ९०० मैल, म्हणजे साधारण १,४५० किलोमीटर येतात. मुंबईहून दिल्ली गाठायला जेवढा रस्ता तुडवावा लागतो, तेवढा रस्ता एका तालुक्यात, आणि त्यातला बहुतांश खडीचा. त्यासाठी रस्ते खात्यात माणसं असतात तीस-चाळीस. राज्यात वर्षाला सरासरी ३० ते ४० इंच बर्फ पडतो. रात्रीतून सगळे रस्ते पांढऱ्याखाली गेले, तर चाळीस माणसांनी सुरुवात कुठून करायची?

या प्रश्नाचं उत्तर पहाटे पाच वाजता, यंत्रं सुरू करताना शोधायचं नसतं. ते उन्हाळ्यातच लिहून ठेवलेलं असतं. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. डंपर आणि ग्रेडर पैशाने विकत मिळतात. कोणी आधी आणि कोणी नंतर थांबायचं हे शांत डोक्याने, चारचौघांत ठरवून कागदावर आणणं अवघड असतं.

१९२९ सालच्या कायद्याने आयोवातले गावपातळीवरचे रस्ते काउंटीकडे आले. काउंटीचा कारभार निवडून आलेलं एक छोटं मंडळ पाहतं, आणि रस्त्यांसाठी काउंटी अभियंता नेमलेला असतो. बर्फ काढण्याचं धोरण हे मंडळ ठराव करून मंजूर करतं आणि ते कोणालाही वाचायला मिळतं. त्यातली भाषा वाचताना आपण चकित होतो, कारण आश्वासनांपेक्षा मर्यादाच त्यात जास्त सांगितलेल्या असतात. रस्ता काळा, कोरडा करून देऊ असं म्हटलेलं नसतं. जपून चालवलं तर गाडी जाईल एवढा रस्ता देऊ, आणि तोही ठरलेल्या वेळातच, असं म्हटलेलं असतं. साधारणपणे पहाटे चार-पाचला काम सुरू होतं आणि अंधार पडला की थांबतं. शहराप्रमाणे रात्रभर यंत्रं फिरत नाहीत. समोरचं दिसेनासं झालं तर भरदिवसाही यंत्रं माघारी बोलावली जातात. हे धोरण पाळलं असेल, तर बर्फावरून गाडी घसरली म्हणून काउंटीला कोर्टात खेचता येत नाही. राज्याच्या कायद्याने तसं संरक्षण दिलं आहे. काही जणांना ही पळवाट वाटेल. मला तसं वाटत नाही. जे जमणार नाही ते आधीच सांगून टाकणारं सरकार लोकांशी जास्त प्रामाणिक असतं.

क्रमही त्या कागदावरच ठरलेला असतो. आधी डांबरी आणि काँक्रीटचे रस्ते, कारण त्यांवरून शाळेच्या बस, दुधाचे टँकर आणि कामावर जाणारी माणसं जातात. मग खडीचे रस्ते. मग टोकाला एखादंच घर असलेले, तिथेच संपणारे रस्ते. आणि सर्वांत शेवटी एक असा वर्ग आहे, ज्याला हातच लावायचा नाही. त्याला ‘लेव्हल बी’ म्हणतात. हे मातीचे रस्ते आपल्या पाणंद रस्त्यांची आठवण करून देतात. त्यांच्या तोंडाशी पाटी असते: इथे किमान देखभाल होते, आत जायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. तिथला बर्फ वसंत ऋतूत आपोआप वितळेल तेव्हा वितळेल. रुग्णवाहिकेला किंवा आगीच्या बंबाला जायचं असेल, तर मात्र हा सगळा क्रम बाजूला राहतो. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयातून फोन येतो, आणि एक यंत्र पुढे वाट काढत जातं, त्याच्या मागून रुग्णवाहिका.

रात्री काम बंद ठेवण्यामागे माणसांच्या झोपेइतकंच आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वारा. बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आभाळातून पडणारा बर्फ येतो. आयोवाच्या सपाट माळावर त्रास देतो तो जमिनीवरून वाहणारा बर्फ. कोरडा, भुरभुरीत बर्फ ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वाऱ्यालाही उठतो आणि जमिनीलगत धुळीसारखा सरपटत जातो. अडसर आला, उतार आला, वारा जरा मंदावला की तिथे साचतो. पीक निघालेल्या, मैलोन्‌मैल मोकळ्या रानातला बर्फ असा उचलला जाऊन एखाद्या रस्त्याच्या खोलगट भागात गोळा होतो. म्हणून तीन इंच बर्फ पडलेल्या दिवशी एका रस्त्यावर काहीच नसतं आणि पुढच्याच वळणावर छातीइतका ढीग असतो. आभाळ निरभ्र, ऊन पडलेलं, तरीही रस्ता बंद, असं घडतं ते यामुळेच. सकाळी साफ केलेला रस्ता दुपारी पुन्हा भरतो. तिथे ‘ब्लिझर्ड’ हा शब्द बर्फ किती पडला यावर ठरत नाही. ताशी ३५ मैल किंवा त्याहून जोराचा वारा आणि पाव मैलापेक्षा कमी दृश्यता, ही स्थिती सलग तीन तास टिकली तर हवामान खातं त्याला ब्लिझर्ड म्हणतं. त्या क्षणी बर्फाचा एक कणही आभाळातून पडत नसला तरी चालतं.

आता यंत्रांकडे वळू. इंग्रजीत या यंत्राला बर्फाचा नांगर म्हणतात, पण आपल्या शेतकऱ्याने ते पाहिलं तर तो त्याला कुळव म्हणेल. नांगर जमीन फोडतो, आत शिरतो. कुळवाला असते तशी आडवी फास वरचा थर खरवडून पुढे सारते, आणि हे पोलादी पातंही तेच करतं. डंपरच्या पुढे एक वक्र पातं असतं. गाडी ताशी पंचवीस-तीस मैलांनी धावली की बर्फ त्या वक्रावरून चढतो आणि कडेच्या चरापलीकडे फेकला जातो. वेग कमी केला तर तोच बर्फ साइडपट्टीवर पडून राहतो, म्हणून हे काम फार हळू करता येत नाही. डंपरच्या उजव्या कुशीला पंखासारखं दुसरं पातं असतं, ते साइडपट्टी साफ करतं. मागच्या हौद्यात वाळू आणि मीठ. पात्याची खालची धार टंगस्टन कार्बाइडची असते, कारण साधं पोलाद रस्त्यावर घासून भराभर झिजतं.

खडीच्या रस्त्यांवर ग्रेडरचं राज्य असतं. उन्हाळ्यात जो ग्रेडर खडी सारखी करतो, तोच हिवाळ्यात बर्फ काढतो. ढीग खोल असतील तर त्याच्या तोंडाला त्रिकोणी पातं लावतात; ते होडीच्या नाळेसारखं मधून घुसून बर्फ दोन्ही अंगांना सारतं. एका ग्रेडरच्या वाट्याला साधारण साठ-सत्तर मैल येतात, आणि शक्यतो वर्षानुवर्षं तोच माणूस तोच टापू सांभाळतो. आपल्याकडे रस्त्यांवर मैलकुली असायचे, त्यांना आपल्या मैलातला खड्डा न खड्डा पाठ असायचा. हाही तसाच माणूस. सगळं पांढरं झाल्यावर रस्ता कुठे संपतो आणि चर कुठे सुरू होतो, मोरीची भिंत कुठे आहे, कोणाची टपालपेटी रस्त्याला किती खेटून उभी आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसत नाही, आठवणीने कळतं. साठ मैल म्हणजे जाऊन-येऊन एकशेवीस. तेवढं करायला त्याला अख्खा दिवस लागतो. त्याच्या वाटेवरच्या शेवटच्या घराला संध्याकाळी रस्ता मिळत असेल, तर त्याचं कारण एवढंच.

हंगामातला पहिला बर्फ खडीच्या रस्त्यांसाठी सर्वांत अवघड असतो. जमीन अजून गोठलेली नसते, खडी सुटी असते. पातं जमिनीला टेकवलं की बर्फाबरोबर खडीही चरात जाते. म्हणून पातं थोडं उचलून धरायचं आणि एखादा इंच बर्फ मुद्दाम मागे ठेवायचा. घरी बसलेल्याला हे काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. पण एकदा जमीन दगडासारखी गोठली की तोच माणूस पातं खाली टेकवून नेतो. पुढे चाकांखाली दबून बर्फाचा काचेसारखा थर झाला, तर दातेरी पात्याने त्यावर खाचा पाडतात, म्हणजे टायरला पकड मिळते.

वादळ गेल्यावर आणखी एक फेरी असते, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. रस्त्याच्या कडेला साचलेल्या बर्फाच्या भिंती पंखाच्या पात्याने आणखी मागे ढकलायच्या. रस्ता तर मोकळा दिसतोय, मग ही यंत्रं का फिरतात, असा प्रश्न पडतो. पण त्या भिंती जागेवर राहिल्या, तर पुढच्या वाऱ्यात त्याच अडसर होतात आणि दोन्ही भिंतींच्या मधली जागा, म्हणजे रस्ता, काठोकाठ भरतो. शिवाय पुढचा बर्फ टाकायला जागा हवी. जानेवारीत ही जागा केली नाही, तर फेब्रुवारीत पात्याला बर्फ फेकता येत नाही.

मिठाबद्दल आपल्याला थोडंफार ठाऊक असतं. लहानपणी आइस्क्रीमच्या पॉटमध्ये भोवतीच्या बर्फात जाडं मीठ घातलं जायचं आणि हँडल फिरवून हात भरून यायचे. मीठ बर्फाचा वितळणबिंदू खाली आणतं. तिथल्या रस्त्यावरही हेच घडतं. पण मिठाची ताकद थंडीबरोबर झपाट्याने ओसरते. उणे १ अंश सेल्सिअसला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवू शकतं. उणे ७ ला तेच मीठ साडेआठ किलोवर येतं, आणि उणे १२ ला पाच किलोवर. उत्तर आयोवात जानेवारीच्या रात्री पारा उणे १० च्या खाली जाणं नेहमीचंच आहे. म्हणजे मिठाची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच ते सर्वांत कुचकामी ठरतं. २३ टक्क्यांच्या आसपास मीठ असलेलं पाणी उणे २१ पर्यंत गोठत नाही. म्हणून कोरडं मीठ टाकताना त्यावर असं खारं पाणी फवारतात. ते लगेच काम सुरू करतं, आणि ओले खडे रस्त्यावरून उडून चरात जात नाहीत. काही ठिकाणी त्यात साखरबीटाचा रस मिसळतात. बीटाच्या कारखान्यातला उरलेला रस रस्त्यावर जातो हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्याने मिश्रण चिकट होतं आणि रस्त्यावर टिकतं.

ग्रामीण काउंटी मात्र मीठ फार हात राखून वापरते, आणि खडीच्या रस्त्यावर जवळजवळ वापरतच नाही. तिथे बर्फ वितळला की पाणी खडीत मुरतं, गोठलेला पाया सैल होतो, आणि टणक रस्त्याचा चिखल होतो. त्यामुळे चढ, वळणं आणि चौक एवढ्याच जागी वाळू टाकतात. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त पकड देते. तिच्यात थोडं मीठ मिसळलेलं असतं, पण ते वाळूचा ढीगच गोठून दगड होऊ नये म्हणून. मीठ कमी वापरण्याला आणखी एक मोठं कारण आहे. एकदा पाण्यात गेलेलं मिठातलं क्लोराइड सहजासहजी बाहेर निघत नाही. शेजारच्या मिनेसोटा राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं लोकांना एका चमच्याच्या हिशोबात हे समजावतं: चहाचा एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, पाणी कायमचं बिघडवतं. सगळ्या अमेरिकेच्या रस्त्यांवर दरवर्षी लाखो टन मीठ पडतं, हे ध्यानात घेतलं की काउंटीचा हात का आखडतो ते कळतं.

पण बर्फ रस्त्यावर आल्यावर त्याच्याशी झुंजण्यापेक्षा त्याला वाटेतच अडवलं तर? या प्रश्नापायी एका माणसाने आयुष्य वेचलं. त्याचं नाव रोनाल्ड टेबलर. वायोमिंग राज्यात १९७० साली आंतरराज्य महामार्ग ८० चा एक नवा टप्पा खुला झाला. इथे रस्ता करू नका, हिवाळ्यात तो बंद पडेल, असं स्थानिक लोक सांगत होते. पहिल्याच हिवाळ्यात त्यांचं म्हणणं खरं ठरलं. वनखात्यात संशोधन करणाऱ्या टेबलर यांनी मोजमापं घेऊन तिथे बर्फ अडवणारी कुंपणं बसवली. त्यांचं तत्त्व आपल्या शेतकऱ्याला चटकन पटेल. कुंपण भिंतीसारखं बंद नको, त्यात निम्मी जागा मोकळी हवी. बंद भिंतीवर वारा आपटून उसळतो. फटींतून जाणारा वारा मंदावतो, आणि हातातलं ओझं खाली ठेवावं तसा बर्फ खाली ठेवून पुढे जातो. कुंपणाच्या पलीकडे साठणारा ढीग उंचीच्या सुमारे ३५ पट लांब पसरतो. म्हणून १२ फुटी कुंपण रस्त्यापासून सव्वाशे मीटरहून जास्त लांब उभारावं लागतं. जवळ उभारलं, तर तो ढीग थेट रस्त्यावरच येतो. टेबलर यांच्या हिशोबात एक टन बर्फ यंत्राने काढायला जेवढा खर्च येतो, त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यात कुंपण तो अडवून ठेवतं.

आयोवात आणि मिनेसोटात या कुंपणाचा एक फार सुंदर प्रकार आहे. रस्त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला ज्याचं शेत आहे, त्या शेतकऱ्याला मक्याच्या काही ओळी न कापता उभ्या ठेवायला सांगतात आणि त्याचा मोबदला देतात. वाळलेली धाटं हिवाळाभर उभी राहतात आणि बर्फ रानातच अडवतात. वसंतात कणसं काढून घेता येतात, आणि त्या बर्फाचं पाणीही त्याच जमिनीत मुरतं. जळगावकडे केळीच्या बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावतात, त्यातली समज हीच आहे. कुठे झुडपांच्या कायमच्या रांगा लावतात. नवा रस्ता करताना भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवतात आणि चर रुंद, पसरट करतात, म्हणजे वाराच रस्ता झाडून काढतो. ही सगळी कामं बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी ठरतात.

रस्त्यावरचा बर्फ काढायचा असतो, ही कल्पनाच तशी नवी आहे. एकोणिसाव्या शतकात ईशान्य अमेरिकेतल्या गावांत बर्फ काढत नसत, दाबत. घोडे जुंपलेला भलामोठा लाकडी रूळ रस्त्यावरून फिरवायचे आणि बर्फाची टणक सडक करायचे, कारण हिवाळ्यातलं वाहन घसरगाडी होतं. छप्पर असलेल्या लाकडी पुलांमध्ये तर माणसं फावड्याने बर्फ नेऊन टाकायची, नाहीतर घसरगाडी कोरड्या फळ्यांवर अडकायची. मोटार आली आणि सगळं उलटं झालं. आयोवाचं तेव्हाचं दुःख चिखलाचं होतं. ‘आयोवाला चिखलातून बाहेर काढा’ ही तिथली त्या काळातली घोषणा. टपाल घरोघरी पोहोचू लागलं, छोट्या शाळा मोडून मोठ्या झाल्या आणि मुलं बसने जाऊ लागली, दूध डेअरीवर रोज जाऊ लागलं. रस्ता दोन दिवस बंद राहिला, तर गायी काही दूध द्यायच्या थांबत नाहीत. टाकी भरली की दूध ओतून द्यावं लागतं. रस्ता बारमाही उघडा ठेवण्याची निकड अशी दुधातून, टपालातून आणि शाळेतून आली.

आपल्या देशात हिमालयातल्या सीमेकडच्या रस्त्यांवर हे काम सीमा रस्ते संघटना करते. झोजिला, रोहतांग अशा उंच खिंडींतला सामना वेगळा आहे: कडे, हिमस्खलन, दोन्ही बाजूंनी बर्फ कापत येणारी पथकं. झोजिला पूर्वी चार-सहा महिने बंद असायचा. २०२५ साली तो ३२ दिवसांत पुन्हा सुरू झाला. तिथे राबणारं मनुष्यबळ या संघटनेच्या ज्या ग्रेफ (जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स) दलाचं आहे, त्या दलाचं केंद्र पुण्यात दिघीला आहे. कधीही बर्फ न पडणाऱ्या दिघीतून निघालेली माणसं झोजिलाची वाट उघडतात, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत असतं.

आयोवा राज्य विद्यापीठाचं गाव एम्स. तिथे आणि डेस मॉइन्सच्या आसपास मराठी मुलं शिकायला, नोकरीला असतात. तुमच्या घरातलं कोणी तिथे असेल, तर डिसेंबरच्या आधी त्यांना चार गोष्टी जरूर कळवा. राज्य सरकारचा रस्त्यांची स्थिती दाखवणारा नकाशा राज्याच्या महामार्गांचा असतो. खडीच्या ग्रामीण रस्त्यांबद्दल तो काही सांगत नाही. फोनमधलं ॲप जवळचा रस्ता म्हणून ‘लेव्हल बी’ वर नेऊ शकतं. किमान देखभालीची पाटी दिसली की मागे वळावं. पुढे बर्फ काढणारं यंत्र असेल तर भरपूर अंतर ठेवावं, कारण त्याने उडवलेल्या ढगात ते स्वतःच दिसेनासं होतं. आणि गाडी बर्फात अडकलीच, तर उतरून चालत निघू नये. गाडीतच थांबावं, मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ हाताने काढावा, इंजिन थोडा थोडा वेळच चालू ठेवावं आणि मदतीला फोन करावा. रात्र असेल तर यंत्र पहाटे निघेल. म्हणून गाडीत एक जाड पांघरूण, पाणी आणि खायला काहीतरी कायम असू द्यावं.